जीबीएस आणि एक राखीव गोलकीपर

मला अनोळखी लोकांचे फोन येतात. बहुतेक पुण्याहून, कधी कोल्हापूरहून. सुरुवात ठरलेली असते. "तुम्ही मुग्धाचे मिस्टर ना? तुम्हाला जीबीएस झाला होता ना?" मग आवाज खाली येतो. "आमच्या भावाला झालाय. तो चालेल ना हो परत?"

मी डॉक्टर नाही. जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकवर काम करणारा इंजिनियर आहे. त्या माणसाला मी माझं सांगतो, आणि फोन ठेवल्यावर वाटतं, महत्त्वाचं राहूनच गेलं. शेवटी माझी बायको मुग्धा म्हणाली, "एकदा नीट लिहून काढ. आणि हर्लिंगचंही लिही. त्याशिवाय तुझं आजारपण कुणाला कळायचं नाही."

म्हणून आधी हर्लिंग.

नाशिकहून गोलमध्ये

मी नाशिकचा. वडील मी लहान असतानाच गेले. आई नर्स होती. तिला आयर्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि पाचवीची परीक्षा देऊन मी तिच्यासोबत लिमरिकजवळच्या एका गावात पोचलो. नील हे माझं नाव तिथे आधीपासूनच होतं, त्यामुळे निदान नावावरून कुणी चिडवलं नाही.

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी हातात हर्लिंगची, म्हणजे तिथल्या जुन्या देशी खेळाची, काठी दिली. अॅश झाडाच्या लाकडाची, खाली रुंद आणि चपटी होत गेलेली. क्रिकेटच्या बॉलपेक्षा किंचित लहान असा चामड्याचा बॉल. तो काठीने हवेत मारा, जमिनीवर मारा, काठीवर तोलत पळा. दोन्हीकडे पंधरा पंधरा जण. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. बॉल आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. ते "खालून" राखायला एक माणूस उभा असतो. कॉलनीत क्रिकेट खेळून माझे हात तयार होते. कितीही जोरात आलेला बॉल मी उघड्या हाताने धरतो हे सरांनी पाहिलं, आणि मला गोलमध्ये उभं केलं. पुढची वीसेक वर्षं मी तिथेच होतो.

या खेळात पैसे मिळत नाहीत. रविवारी हजारो लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा गायींचं दूध काढतो. गावाच्या क्लबमधून मी पुढे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोठ्या संघात निवडला गेलो. तिथला पहिला गोलकीपर होता कॉनर. मी दुसरा.

राखीव गोलकीपर हा संघातला सगळ्यात विचित्र माणूस असतो. बाकावरच्या बाकीच्यांना मॅचमध्ये कधी ना कधी बोलावणं येतं. राखीव गोलकीपरला येत नाही, पहिल्याला काही झाल्याशिवाय. मॅचआधी मी कॉनरवर बॉल मारून त्याला तयार करायचो, मग जाऊन बसायचो. पण नुसतं बसून चालत नाही. पाय गरम ठेवायचे, प्रत्येक बॉलवर नजर ठेवायची, आपल्यालाच थांबवायचाय असं समजून. सहा सीझन मी हे केलं. त्यात एकच मोठी मॅच मिळाली. कॉनरचं बोट मोडलं आणि मी आत गेलो. धो धो पाऊस होता. स्टँडमधून आईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, मराठीत, "नील, डावीकडे बघ, डावीकडे!" एका पॉइंटने आम्ही जिंकलो. पुढच्या मॅचला कॉनर बोटाला पट्टी बांधून हजर, आणि मी परत बाकावर.

पुढे नोकरीसाठी जर्मनीत आलो. फ्रँकफुर्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी पुण्याची मुग्धा भेटली, लग्न झालं, ईरा झाली. काही आयरिश, काही जर्मन आणि एक हौशी पोलिश सुतार असा आमचा रविवारचा हर्लिंगचा संघ जमला. इथे मी राखीव नव्हतो. दुसरा गोलकीपरच नव्हता.

सोफ्यावरून उठताना

काही दिवसांपूर्वी माझं पोट बिघडलं होतं, तेही बरं झालं होतं. मग एका रविवारी सरावाला पायांना मुंग्या यायला लागल्या. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर येतात तशा. बॉल आला, मला दिसला, कुठे जाणार ते कळलं, आणि पाय जागचे हललेच नाहीत. सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी कारखान्यात जिना चढताना कठडा धरावा लागला. मंगळवारी कॉफीचा मग जड वाटला. मुग्धा म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या." मी म्हणालो, "वय झालंय, थकलोय." आयर्लंडमध्ये मोडलेल्या बोटालाही आम्ही "थोडं लागलंय" म्हणतो. ती सवय.

त्या संध्याकाळी ईरा पुण्याच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर होती. फोन घेऊन घरभर पळत होती. मी सोफ्यावरून उठत होतो, दोन्ही हातांनी मांड्या ढकलत, ते नेमकं फोनमध्ये दिसलं.

"नीलराव," सासरे म्हणाले, "जरा परत बसा. आता हात न लावता उठा बरं."

मी प्रयत्न केला. नाही जमलं. आमच्या संघात सांगण्यासारखा विनोद झाला म्हणून मला हसू आलं. मुग्धाच्या बाबांना नाही आलं. त्यांच्याच भागात तेव्हा जीबीएसचे पेशंट सापडले होते, रोज पेपरात तेच होतं.

"मुग्धा, यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने. उद्या सकाळी नाही."

"बाबा, उद्या हाउसआर्ट्स्टकडे..." मी म्हणालो. म्हणजे आमचा घराजवळचा डॉक्टर.

"अहो, मी चुकलो तर मला हसा आयुष्यभर," ते म्हणाले. "पण आत्ता जा."

शेजारणीकडे ईराला सोडून आम्ही निघालो. बाबांना हसायची संधी आम्हाला मिळाली नाही.

हातोडी

नोटआउफनामे, म्हणजे तातडीच्या विभागात, एका तरुण डॉक्टरबाईंनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय हलला नाही. त्यांनी जागा बदलून पुन्हा मारली. दुसरा पाय. मग मनगट. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, ते मी पाहिलं.

"रिफ्लेक्स नाहीत," त्या म्हणाल्या.

मी गोलकीपर आहे. रिफ्लेक्सशिवाय मला दुसरं काय येतं? मी मुग्धाकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे पाहत होती.

पाठीतून पाणी काढलं, तपासण्या झाल्या, आणि सकाळी मोठ्या डॉक्टरांनी खाटेजवळ खुर्ची ओढली. डॉक्टर खुर्ची ओढतात तेव्हा बातमी मोठी असते, हे आई सांगायची. ते म्हणाले, हा जीबीएसच, गुइलेन-बॅरे सिंड्रोम; पोटाच्या त्या बिघाडानंतर आपल्याच शरीराची संरक्षक फौज नसांवर उलटली आहे. उपचार आजच सुरू करतो. पण आधी हे वाढणार. पायांतून वर चढणार. कुठे थांबेल ते आज सांगता येत नाही.

"आणि मग?" मुग्धाने विचारलं.

"मग थांबतं. आणि हळूहळू उतरतं."

"नक्की?"

"माइस्टन्स," ते म्हणाले. बहुतेक वेळा. मुग्धाने तो शब्द मनात घट्ट धरून ठेवला. नंतर कितीतरी दिवस, गाडी चालवताना, भाजी चिरताना, ती तो पुटपुटत असायची.

चढताना

चढलं ते. हात गेले. पाठ अशी दुखायची की चादरीची सुरकुती सहन व्हायची नाही. गंमत म्हणजे त्याच शरीराच्या खालच्या भागाला काही कळत नव्हतं. मांडीवर कुणी हात ठेवला तर मला तो दिसायचा, जाणवायचा नाही. मग चेहरा गेला. डोळे मिटेनात, म्हणून नर्स झोपायच्या वेळी पापण्यांवर चिकटपट्टी लावायची.

दिवसातून अनेकदा एका नळीत फुंकायला लावायचे. श्वासाचे स्नायू किती टिकून आहेत ते बघायला. आकडा खाली गेला की घशात नळी घालून मशीनवर ठेवणार, हे मला सांगितलेलं होतं. मी मॅचसारखा फुंकायचो. एका दुपारी आकडा आदल्या वेळेपेक्षा बराच खाली आला. भूल देणारे डॉक्टर येऊन माझ्याशी बोलले, काय करणार ते समजावलं, मुग्धाची सही घेतली. मी घाबरलो. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्णपणे घाबरलो. मरणापेक्षाही या गोष्टीला की सगळं ऐकू येईल, दिसेल आणि मी कुणाला काही सांगू शकणार नाही.

झाबीने नावाची नर्स होती. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "आल्झो," म्हणजे बरं तर, "तुम्ही कुणाविरुद्ध फुंकताय? इथे समोर कोणी नाही. नुसता श्वास सोडा."

त्या संध्याकाळी आकडा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. नळी घालावी लागली नाही.

जिद्दीने मी आजार थांबवला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं नाही ते. औषधाने काम केलं, आणि तो थांबायचा तिथे थांबला. माझ्याहून जिद्दी माणसं मशीनवर गेली आहेत. पण मला एक गोष्ट येत होती, जी बाकी पेशंटना अवघड जात होती. मला बसून राहता येत होतं. काही करता येत नसताना तयार राहता येत होतं. मी पडल्या पडल्या मनात उजव्या पायाचा अंगठा हलवायचो. हलायचा नाही. तरी सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर हलवायचो. बोलावणं आलं तर मी गरम असायला हवा होतो.

आणि सुख म्हणाल तर, हात हलत नसताना माझं नाक खाजवणारी झाबीने. आजसुद्धा कुणी विचारलं की जर्मनीत तुम्हाला सगळ्यात मोठी मदत कोणी केली, तर मला तिचं बोट आठवतं.

दोन बायका, एक खाट

आई आयर्लंडहून आली. निवृत्त झाली असली तरी ती नर्सच होती. आल्याबरोबर तिने माझी उशी बदलली, सलाइनचा वेग पाहिला, इंग्रजीत झाबीनेला चार प्रश्न विचारले. रोज तेच. मुग्धा तेव्हा नोकरी, ईराची शाळा, विम्याची कागदपत्रं आणि हॉस्पिटल असं सगळं एकटीने ओढत होती. तिला वाटायचं, आई आपल्यालाही पेशंटच्या नातेवाइकासारखं वागवतात.

एक दिवस आई म्हणाली, "याला कूस बदलून द्यायची वेळ झाली, मुग्धा, तुझं लक्ष नाही."

मुग्धाने हातातला फोन खाली ठेवला. "आई, इथे नर्स खूप आहेत. त्याला आई एकच आहे. तुम्ही ती व्हा ना."

मी मधे पडलेलो. ओठ हलत नसल्याने मला नीट बोलता येत नव्हतं. आई खुर्चीवर बसली आणि माझा हात हातात घेऊन रडली. मी तिला वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मुग्धाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून आई संध्याकाळी घरी ईराला वरणभात भरवायची आणि मुग्धा निवांत माझ्याजवळ बसायची.

ईराचं वेगळंच होतं. ती दारात उभी राहायची, जवळ यायची नाही. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. "पापा इस्ट ब्योझे," ती आजीला म्हणाली. पापा रागावलेत. माझा चेहरा हलत नव्हता, तिला तो राग वाटत होता.

आईने तिला समजावलं, "पापाच्या चेहऱ्याला सध्या हसता येत नाही. आतून हसतोय तो."

ईराने विचार केला. मग जर्मनमध्ये मला हुकूम सोडला, हसशील तेव्हा सांगायचं. तेव्हापासून ती चित्रं दाखवायची, शाळेतल्या गमती सांगायची, आणि मी जड जिभेने म्हणायचो, "हसतोय." ती मान डोलवायची. "गेनाऊ." बरोबर.

कॉनर

उजव्या पायाचा अंगठा हलला तेव्हा मी एकटा होतो. कुणाला दाखवायला बोलवावं तर घंटी दाबता येत नव्हती. वाट पाहिली, अर्थातच.

मग डोंगरातल्या रेहामध्ये, म्हणजे पुन्हा चालायला शिकवणाऱ्या क्लिनिकमध्ये, हलवलं. तिथे आजार उतरतो, पण इतका सावकाश की रोज बघणाऱ्याला तो हलताना दिसत नाही. दोन दांड्यांमध्ये उभं राहायचं. चमचा धरायचा. शर्टाचं बटण. मी शर्टाच्या बटणाला दिलेल्या शिव्या तिथल्या भिंतींनी ऐकल्या आहेत.

एका शनिवारी दार उघडलं आणि कॉनर आत आला. केस पांढरे झाले होते. न कळवता विमानाने आला होता.

"वाईट दिसतोस," तो म्हणाला.

"तू म्हातारा दिसतोस," मी म्हणालो.

एवढ्यावर आमची विचारपूस संपली. मग त्याने माझी चाकाची खुर्ची खिडकीपाशी नेली, समोर स्टूल घेतलं आणि खिशातून स्पंजचा मऊ बॉल काढला. तो टेबलावरून हळूच माझ्याकडे घरंगळवला. माझी बोटं मिटेपर्यंत बॉल खाली पडला. त्याने उचलला, परत घरंगळवला. परत पडला. शाबास नाही, असू दे नाही. दोन दिवस तो हेच करत होता. रविवारी दुपारी एकदा बोटं वेळेवर मिटली.

"सहा वर्षं तू मला तयार केलंस," जाताना तो म्हणाला. "मी एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं."

"आत्ता म्हणतोयस?"

"नाही," कॉनर म्हणाला. "आणखी थोडी प्रॅक्टिस कर." आणि पाठ फिरवून भराभर गेला. त्याला रडू आलं होतं, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं.

मुग्धाचा नकार

घरी आलो तो कुबड्यांवर. पुढे काठी, पुढे काहीच नाही. कारखान्यात आधी रोज थोडेच तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. चेहरा परत आला, हसण्याची घोषणा करायची गरज उरली नाही. डावं पाऊल मात्र अजून आळशी आहे, आणि थकवा अचानक येतो, दिवा गेल्यासारखा.

डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं. मुग्धाने हरकत घेतली.

"तुला कशाला हवंय ते?" तिने विचारलं. आम्ही स्वयंपाकघरात होतो. "चालतोयस ना? मुलीला शाळेत सोडतोस ना? मला पुरे आहे."

"मला नाही पुरत."

"तू पडलास तर? परत झालं तर? तू पडून होतास, नील. बघत मी होते."

मी तिला खरं होतं तेच सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, पुन्हा होणं दुर्मीळ आहे. पण मी जपून राहिलो तर तो आजार कायम घरात राहील. खुर्चीत बसून असेल आपल्याबरोबर."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करून ती म्हणाली, "मी येणार बघायला. गोलच्या मागे उभी राहणार. आणि मी बस म्हटलं की बस."

फोन करणाऱ्यांना मी हेच सांगतो, म्हणून इथेही लिहितो. तुमचा भाऊ बहुधा चालेल. कधी, ते कुणी सांगू शकणार नाही. त्याच्या जिद्दीची परीक्षा घेऊ नका. त्याचं नाक खाजवा. त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ठरवू नका. आणि त्याची काळजी घेणारी जी कोणी असेल, तिला संध्याकाळी तासभर सुट्टी द्या. तीही आजारीच असते, फक्त उभी असते.

हॅम्बर्गची मॅच

परवाच्या रविवारी हॅम्बर्गचा संघ आला होता. मी हेल्मेट चढवून गोलमध्ये उभा राहिलो. मागे जाळ्यापलीकडे मुग्धा, हाताची घडी घालून. ईरा माझ्या आईबरोबर बाजूला बिस्किटं खात होती.

पहिला बॉल खालून डावीकडे आला. मी पोचलो नाही. गोल. दुसराही डावीकडे. गोल. त्यांच्या पुढच्या उंच मुलाला माझा डावा पाय कळला होता. मागून मुग्धा काही बोलली नाही. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण तिने बस म्हटलं असतं तर मला बसावं लागलं असतं.

मी अर्धं पाऊल डावीकडे सरकून उभा राहिलो. उजवीकडची जागा मुद्दाम उघडी ठेवून. तो मुलगा परत आला, त्याने ती मोकळी जागा पाहिली, आणि तरीही डावीकडेच मारला. काठी पोचली नाही. मांडी पोचली. चामड्याचा तो बॉल पूर्ण वेगाने माझ्या मांडीवर बसला. सणसणीत. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बॉल पायाशी पडला, मी तो उचलून दूर मैदानाच्या पार पलीकडे टोलवला.

आम्ही मॅच हरलो, चांगल्या फरकाने. दुसऱ्या हाफमध्ये मी आणखी गोल खाल्ले आणि त्या प्रत्येकाचा मला मनापासून राग आला.

शिट्टी झाल्यावर मुग्धा जाळ्याला वळसा घालून आली. मी गवतावर बसलो होतो. चड्डीखाली मांडीवर लाल वर्तुळ उठलं होतं, बॉलच्या शिवणीची रेघसुद्धा दिसत होती.

"लागलं?" तिने घाबरून विचारलं.

"हो."

"खूप दुखतंय?"

मी तिचा हात घेऊन त्या लाल वर्तुळावर ठेवला. याच मांडीवर ठेवलेला हात हॉस्पिटलात मला नुसता दिसायचा. तिने जरा दाबलं आणि मी ओरडलो. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं.

"खूप," मी म्हणालो. "खूप दुखतंय, मुग्धा."